वरचा, मधला, तळाचा

बसवकल्याणच्या स्टँडवर उमरग्यामार्गे सोलापूरला जाणारी बस लागली होती. माझ्याच वयाचा आणखी एक जण त्या बसने निघाला होता. त्याच्या गळ्यात हार, हातात नारळ, आणि भोवती भाषण करणारे दोन काका. आम्हा दोघांनाही पुण्यात नोकरी लागली होती, चंद्रावर नव्हे. माझ्या वडिलांनी, अप्पांनी, हार आणला नव्हता. बस हलली तेव्हा ते खिडकीबरोबर चार पावलं चालले आणि म्हणाले, "तिथं कुणी लई गोड बोलायलाय असं वाटलं, की गप बस. पोटात काय व्हायलंय ते बघ. एकदा न्हाई, तीनदा बघ."

या तीनदाला कारण होतं. अप्पा अडत दुकानात तुरीची पारख करायचे. ओल मोजायची यंत्रं यायच्या आधीची ही गोष्ट. पोत्यात कोपरापर्यंत हात घालायचे आणि क्षणभर थांबायचे. मग वरचा, मधला आणि तळाचा असे तीन दाणे काढून एकेक दाताखाली फोडायचे. कट् वाजला तर वाळलेला, दबला तर ओला. मी एकदा विचारलं होतं, हातालाच कळतं तर दात कशाला झिजवता? "हाताला आधी कळतंय," ते म्हणाले, "पर हात कवाकवा भितो बी. म्हणून दाणं फोडायचं."

पुण्यात गेल्यावर मी पहिली चूक पहिल्याच वर्षी केली. घरमालकीणकाकू रोज जिन्यात अडवून विचारायच्या, जेवलास का, काय जेवलास. माझं पोट म्हणालं, बाई पाळत ठेवते आहे. एका दाण्यावर निकाल देऊन मी खोली सोडली. पुढे कळलं की मुलगा परदेशी गेल्यापासून काकूंना एकटीला जेवण जात नव्हतं. या चुकीनंतर मी पोटाचं ऐकणं बंद केलं. नोकरीही सोयीची मिळाली होती: कारखान्यांची गुणवत्ता तपासायची, यादीतल्या रकान्यांत टिक करायची आणि सही ठोकायची. यादीला भीती वाटत नाही, हा तिचा मोठाच गुण.

गंमत म्हणजे त्याच कंपनीने एकदा आम्हाला लोणावळ्याच्या रिसॉर्टवर नेऊन आतला आवाज ऐकायला शिकवलं. पांढऱ्या सदऱ्यातल्या प्रशिक्षकाने साठ जणांना डोळे मिटून पोटावर हात ठेवायला लावला. मी ठेवला. आतून नाश्त्याच्या उपम्याबद्दल तक्रार आली. शेवटी सगळ्यांना प्रमाणपत्र मिळालं. अप्पांना फोनवर सांगितलं तर ते बराच वेळ हसत राहिले. "पोटाचं सर्टिफिकेट?"

आई गेली आणि पुढच्याच वर्षी अप्पा न्हाणीत पडले. हाड जुळलं, पण त्यांनी एकटं राहणं आता धोक्याचं होतं. थोरली बहीण, आमची अक्का, सासरी दुबलगुंडीला शेतात अडकलेली. मी पुण्याच्या कडेला एक ज्येष्ठ निवास शोधला. दारात कारंजं, भिंतीवर पुरस्कार, प्रत्येक खोलीत घंटी, डॉक्टर हाकेच्या अंतरावर. माझ्या यादीत सगळे रकाने भरले. तरी बाहेर पडताना पोटात काहीतरी आवळलं. मी ते अपराधीपणावर ढकललं. दुसऱ्यांदा बायकोला घेऊन गेलो, तेव्हाही तेच झालं. तिसऱ्यांदा सही करायला अप्पांनाच घेऊन गेलो.

व्यवस्थापक दारातच वाकला. "या डॅडी, तुमचंच घर आहे!"

अप्पा माझ्या कानाशी आले. "ह्यो मला डॅडी कामून म्हणायलाय? मी ह्याच्या आईला वळखत बी न्हाई."

त्यांनी खोली बघितली नाही, सरळ कोठीत गेले. डाळीच्या पोत्यात हात घातला, चिमूटभर डाळ दाताखाली धरली. "डाळ चांगली हाय," त्यांनी सांगून टाकलं. मला हायसं वाटलं, तरी पोटातलं आवळणं सैल झालं नाही.

बागेतल्या बाकावर एक म्हातारी बसली होती. कपाळावर विभूतीचे पट्टे, डोईवर इरकलीचा पदर. अप्पांनी ओळखलं, आपल्याकडची. समोर उभं राहून कन्नडमध्ये विचारलं, "ऊटा आतेन्री?" जेवण झालं का, एवढंच. म्हातारीचा चेहरा उजळला. तिने तोंड उघडलं, थांबली, आमच्या मागे उभ्या व्यवस्थापकाकडे बघितलं, आणि मग म्हणाली, "आत्री." झालं.

व्यवस्थापकाला कन्नडचं अक्षर येत नव्हतं. ती काहीही बोलली असती तरी त्याला कळणार नव्हतं. तरीही तिने आधी त्याच्याकडे बघितलं.

आणि मला एकदम आठवलं, आधीच्या दोन्ही खेपांना असंच झालं होतं. चहा घेणारे आजोबा, टीव्हीसमोरच्या दोन बायका. मी विचारायचो, ते आधी त्याच्याकडे बघायचे. माझ्या यादीत या गोष्टीला रकाना नव्हता. पोटाने मात्र ती पहिल्याच दिवशी टिपून ठेवली होती.

"काय म्हणायलंय पोट?" अप्पांनी विचारलं.

"यादीत तर सगळं बसतंय, अप्पा."

"यादीचं मी इचारलंच न्हाई."

मी सही केली नाही. तिथे काही वाईट घडतं याचा पुरावा माझ्याकडे तेव्हा नव्हता, आजही नाही. निवासाची दुसरी इमारत उभी राहिली आहे आणि कारंजंही दुप्पट झालं आहे. माझं पोट खरं बोललं की नाही, हे मला कधीच कळणार नाही. फक्त तीन दाणे फोडले होते आणि तिन्ही दबले होते.

अप्पांना मी माझ्या फ्लॅटवर आणलं आणि स्वतःवर जरा खूश झालो. पंधराव्या दिवशी जेवताना बायकोने प्रेमाने विचारलं, "अप्पा, आणखी अर्धी भाकरी वाढू?"

अप्पांनी आधी माझ्याकडे बघितलं.

पोटात तेच आवळलं. या खेपेला मी तीनदा बघत बसलो नाही. त्याच आठवड्यात त्यांना गावी घेऊन गेलो. अक्का शेत दिरावर सोपवून पाऊस पडेपर्यंत बसवकल्याणला राहायला आली, न्हाणीत दांडी बसवली, आणि शेजारच्या मुलीने रोज सकाळी डोकावायचं कबूल केलं. कागदावर ही व्यवस्था निवासापेक्षा कितीतरी कच्ची आहे. माझ्या कारखान्यांपैकी एखाद्याची असती तर मी ती नापास केली असती. पण गल्लीत शिरताच कुणीतरी ओरडलं, "अप्पा, कवा आलाव?" आणि प्रश्न संपायच्या आत अप्पांचं उत्तर गेलं होतं, वर एक शिवीही.

तुमच्यातले जे गावी राहिले आणि जे माझ्यासारखे सोलापूर ओलांडून गेले, त्यांना एवढंच सांगतो: घर म्हणजे काय, हे मला आता ठाऊक आहे. जिथे उत्तर द्यायच्या आधी कुणाकडे बघावं लागत नाही, ते.

त्याच संध्याकाळी ओसरीवर चहा घेताना अक्काने विचारलं, "राहतूस न्हवं चार दिस?"

मी मोबाइलकडे बघितलं.

मान वर केली तेव्हा अप्पा माझ्याकडे बघत होते, दाताखाली दाणा धरल्यासारखे.