भिंतीवरचे बाबा

पुण्यात भाचीने मला एका नव्या हॉटेलात जेवायला नेलं होतं. भिंतींवर जुन्या पत्र्याच्या पाट्या टांगलेल्या. दंतमंजन, सायकल, शिवणयंत्र, आणि एक फेटेवाला शेतकरी, दात दाखवून हसणारा. गंज कुठे पुसायचा आणि कुठे ठेवायचा, हेसुद्धा कोणीतरी विचार करून ठरवलं असावं. ‘किती गोड ना मावशी, जुना काळ!’ भाची म्हणाली. मी म्हटलं, ‘गोड कसला डोंबलाचा!’ आणि टेबल बदलून मागितलं. तिला वाटलं, मावशीचं वय झालं. वय झालंच आहे, पण कारण ते नव्हतं.

आम्ही पुसदचे. बाबा तहसील कचेरीत कारकून. तीन पिढ्यांत आमच्या घरी कोणी वखराला हात लावलेला नाही. पण देवाने बाबांना रूप दिलं होतं ते पाटलाचं: रुंद कपाळ, भरघोस मिशी, आणि हसले की डोळ्यांच्या कडेला गोळा होणाऱ्या सुरकुत्या. गल्लीच्या तोंडाशी पेंटरचाचांचं दुकान होतं. एका बियाण्याच्या कंपनीने त्यांना ढाणकीच्या रस्त्यावरच्या भिंती रंगवायचं काम दिलं आणि नमुन्याचा कागद पाठवला. चाचा तो कागद घेऊन थेट आमच्या ओसरीवर आले.

“साहेब, हा मानूस इकडचा वाटतच नाही. पंजाबातला पाहुना वाटते. तुमचा चेहरा द्या ना, बस.”

बाबा खुशीत बसले. चाचांनी पेन्सिलीने चेहरा उतरवून घेतला. मग रस्ताभर, निळ्या भिंतींवर, लाल फेटा बांधलेले माझे बाबा उभे राहिले. ओंजळीत पांढराशुभ्र कापूस, आणि खाली पिवळ्या अक्षरांत ‘पेरा भरवशानं’. आई म्हणायची, “परसात एक वांगं लावलं नाही, अन् रस्ताभर कापूस पिकवला!” कचेरीत त्यांना पाटील म्हणू लागले. बाबा मिशीला तेल लावू लागले. खोटं कशाला सांगू, मलाही मोठी ऐट वाटायची.

मग कपाशीची ती वाईट वर्षं आली. बियाणं वाईट होतं, की पाऊस, की अळी, मला आजही माहीत नाही. एका सकाळी बसस्टँडवर एका म्हाताऱ्याने बाबांच्या दंडाला हात लावला आणि म्हणाला, “मालक, तुमीच म्हनलं होतं ना, पेरा म्हनून.” तो रागावलेला नव्हता. रागावला असता तर बाबांनी समजूत घातली असती. त्याने फक्त बाबांचा चेहरा नीट पाहून घेतला आणि तो निघून गेला. पुढे कचेरीच्या खिडकीबाहेर, कडुलिंबाखाली, कोणी ना कोणी उभं दिसू लागलं. काही मागायचे नाहीत. बघायचे आणि जायचे.

भिंतींचे पोपडे निघत होते, पण हसू जिथल्या तिथे होतं. एका गावात कोणीतरी खिळ्याने त्या चित्राचे डोळे खरवडून काढले. फक्त डोळे, अगदी निगुतीने. बाबांनी ते एसटीतून पाहिलं. त्या दिवशी त्यांचा घास हातातच राहिला. “जेवताना कोणीतरी पाहतं आहे असं वाटतं,” ते आईला म्हणाले. दुसऱ्या दिवशी त्यांनी मिशी काढली. तरी जेवण काही जाईना. अर्धी पोळी, मग पाव, मग नुसतं ताक. सदरे अंगावर लोंबू लागले. डॉक्टरांना काही सापडलं नाही. हा माणूस असाच वाळून जाणार, असं मला वाटू लागलं आणि मी फार घाबरले.

शेवटी आईच चाचांच्या दुकानात गेली. “तुम्ही काढले, तुम्हीच पुसा,” म्हणाली. चाचांनी भर उन्हात रस्त्यावरून दिसणाऱ्या सगळ्या भिंतींना चुना मारला. बाबा जरा जेवू लागले.

पण पावसाळ्यात आम्ही दोघं उमरखेडहून एसटीने परत येत होतो आणि वाटेत पावसाने गाठलं. चुना ओला झाला की त्याच्या आरपार दिसतं, हे मला ठाऊक नव्हतं. पांढऱ्या भिंतीत आधी मिशी आली. मग भुवया. मग डोळे. प्रत्येक गावात बाबा भिंतीतून वर येत होते, आणि खरे बाबा, बिनमिशीचे, माझ्या शेजारी बसून खिडकीचा पत्रा दोन्ही हातांनी खाली दाबत होते. पत्रा अडकला होता. त्या दिवसापासून ते पुन्हा ताकावर आले.

पाऊस सरल्यावर चाचांनी ऑइलपेंट मारला. ढाणकीजवळची एकच भिंत चुन्यातूनही सुटली होती आणि रंगातूनही, कारण घरवाल्यांनी टिनाचं छप्पर पुढे ओढल्याने ती आधीच घराच्या आत गेली होती. वैशाखात बाबा चाचांना म्हणाले, “तिथे मी स्वतः येतो.” मी स्कूटरवर त्यांच्या मागे बसले; चाचा रंगाचा डबा घेऊन एसटीने आले.

दार एका तरुण बाईने उघडलं. आतल्या अंधाराला डोळे सरावले. भिंतीवरच्या बाबांच्या कपाळाला गंध लावलेलं होतं. गळ्याशी खिळे ठोकून कापसाची माळ घातली होती. खाली दिवा.

“माह्या मालकाचा फोटोच नाही काढला कधी,” बाई म्हणाली. “लोकं म्हनत, हा भिंतीवरचा तुह्या नवऱ्यासारखाच दिसते. तो बी असाच हासे. गेल्या हंगामात फवारा मारून आला अन् आंगनातच पडला. मंग मी हेच ठेवलं.”

चाचांनी रंगाचा डबा पाठीमागे धरला. बाई बाबांकडे बघत राहिली, फार वेळ.

“तुमी त्यायच्या नात्यातले काय?”

बाबांनी नजर दिव्याकडे वळवली.

“उद्या अखाजी हाय. दीर भांडून बसले. पित्तर बसाले मानूस नाही. तुमी याल का?”

अखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, आमच्याकडे गेलेल्या माणसाच्या नावाने एका जित्या माणसाला पाटावर बसवून जेवू घालतात. तो पित्तर. ताटावरून उठेपर्यंत तो स्वतःचा नसतो.

घरी आई कडाडली, “जिवंत माणसाने स्वतःच्या हाराखाली जेवायचं? काय हे अभद्र!” पण दुसऱ्या दिवशी बाबा आंघोळ करून निघाले. मी आणि चाचा सोबत गेलो. चाचा उंबऱ्याबाहेरच टेकले.

पाट भिंतीला लावून मांडला होता. बाबा बसले, आणि त्यांच्या डोक्यावर अगदी नेमका तो दुसरा चेहरा आला. बाईने पुरणपोळी वाढली, तूप घातलं, कढी दिली. बाबांनी घास मोडला आणि तो हातातच राहिला. पित्तराशी सहसा कोणी फारसं बोलत नाही. ती बोलली. डोक्यावरचा पदर सारखा करत, घरच्या माणसाशी बोलावं तितक्या सहज तिने विचारलं,

“तोंडाले फडकं बांधून फवारा मारा म्हनलं होतं मी. काहून नाही आयकलं?”

बाबा घरात कधी चुकूनही वऱ्हाडी बोलत नसत. आम्ही बोललो तर रागावत. त्यांनी मान वर केली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

“चुकलं वं माह्यं,” ते म्हणाले.

तो आवाज बाबांचाच होता का, हे मी आईलाही कधी सांगू शकले नाही. बाईने नाक ओढलं, पदराने डोळे पुसले आणि आणखी तूप वाढलं.

“बरं. जेवा आता.”

बाबांनी घास तोंडात घातला. ती पोळी संपवली. मग ताट पुढे सरकवून आणखी एक मागून घेतली.