टिंबाला टिंब

भूपाल चौगुलेचा डोळा लागतोय की नाही, हे त्याचं त्यालाच कळत नाही. भाकरी खाऊन तो शेडमध्येच फळीवर पोतं टाकून आडवा झालाय. वरचा पत्रा तापून कटकट वाजतोय. समोर दोन रंगांत छपाई करणारी ऑफसेट मशीन पोट उघडं टाकून उभी आहे आणि तिची दोन मोठी दातेरी चाकं खाली गोणपाटावर पडलीत. भूपाल डोळे मिटतो, पुन्हा उघडतो. चाकं तिथंच. जाणार कुठं म्हणा.

खोटं कशाला बोला, ही शेवटची मशीन आहे. भूपाल आणि गौस मुल्ला, दोघांनी जन्म घालवला तो बंद पडलेल्या छापखान्यांतल्या मशिनी उद्यमनगरातल्या ह्या शेडमध्ये आणण्यात. आणायची, हाडं वेगळी करायची, रॉकेलनं धुवायची, झिजलेलं बदलायचं, हिरवा रंग मारायचा आणि विकायची. गिऱ्हाईक, घासाघीस आणि रंग भूपालकडं, खोलणं-जोडणं गौसकडं. आता लोक लग्नाची पत्रिकासुद्धा मोबाइलवर धाडतात, तिथं मशीन कोण घेतो? तरी गोकाकचे हिरेमठ म्हणालेत, चालवून दाखवा, अख्खी उचलतो. आज संध्याकाळी यायचेत. नाही चालली तर भंगारवाला आहेच, गॅसकटर घेऊन.

आणि मशीन चालत नाही. टिंब सापडत नाही म्हणून.

हे टिंब म्हणजे असं. मशीन खोलताना जिथं एका चाकाचा दात दुसऱ्याच्या दातांत बसलेला असतो, तिथं पंच, म्हणजे टोकदार पोलादी खिळा, आणि हातोडीनं दोन्ही चाकांवर एकेक टिंब मारून ठेवायचं. जोडताना टिंबाला टिंब लावलं की झालं. दात चुकला तर मशीनची कागद पकडणारी बोटं जाऊन सिलिंडरवर आपटतात. ह्या दोघांची रीत अशी की एक टिंब गौसनं मारायचं, एक भूपालनं. मशीन दोघांची, तर टिंबं पण दोघांची. पण ही मशीन खोलली तेव्हा भूपाल डोळ्याच्या ऑपरेशनसाठी दवाखान्यात होता. गौसनं एकट्यानं खोलली. पुढं जोडायची राहिली, आणि रमजानच्या आधी गौस झोपेतच गेला.

चाकांवर टिंबांच्या दोन जोड्या आहेत, कारण मशीन आधीही कुणीकुणी खोललेली. भूपालनं दोन्ही लावून बघितल्या. एकीला मशीन अर्ध्यावर अडकली, दुसरीला बोटं आपटली. बाहेरचा मिस्त्री आणला, तर तो हात झटकून म्हणाला, "ज्यानं खोललीय त्यालाच विचारा." त्याचं काय जातंय सांगायला.

"मग विचार की," गौस म्हणतो.

गौस चाकांजवळ उकिडवा बसलाय. तीच खाकी अर्धी चड्डी, तीच भोकं पडलेली बनियन. हाताला रॉकेल लावून चोळतोय. भूपालला नवल वाटत नाही. तो उठतो, म्हणजे उठल्यासारखं होतं, आणि त्याच्याजवळ जाऊन बसतो.

"चहा झाला का?" गौस विचारतो.

"आता कोण करतंय चहा. तू गेलास आणि स्टोव्ह पण बिघडला."

"पिन मारायची की त्याला."

"मारली. नाही पेटत."

गौस हसतो. त्याचा पुढचा तुटका दात आता अख्खा आहे, एवढाच काय तो फरक. भूपाल बघून घेतो.

"गौस, तुझी टिंबं कुठली ते सांग. संध्याकाळी हिरेमठ येणार."

"चल," म्हणून गौस शेडचं दार ढकलतो. बाहेर उद्यमनगर नाहीच. निपाणीचा छापखाना आहे, जिथनं ही मशीन उचलली तो. दोऱ्यांवर लग्नपत्रिका वाळत घातल्यात, पार छतापर्यंत. भूपाल मान वर करून वाचतो. गणपती आहे, मुहूर्त आहे, आहेर आणू नये असं पण आहे. वधू-वरांच्या नावांच्या जागा तेवढ्या कोऱ्या आहेत.

"ह्या कुणाच्या?"

"कुणाच्या नाहीत. छापायच्या म्हणून छापल्यात."

छापखान्याच्या मागच्या दारातनं दोघं एसटी स्टँडच्या हॉटेलात येतात. टेबलावर दोन कप, आणि बशा ठेवायच्या जागी ती दोन चाकं. ती कुणी उचलून आणली, देव जाणे. पोऱ्या नाही, मालक नाही, एकही गाडी लागलेली नाही, आणि फलाटावर मशिनी रांगेनं उभ्या आहेत. सगळ्या ओळखीच्या. बार्शीला दिलेली, विजापूरला दिलेली, तासगावची ती लंगडी. भूपालनं हातानं मारलेला हिरवा रंग एकीवरही राहिलेला नाही.

"ह्या परत कशाला आल्या?"

"जातील कुठं? घेणारे राहिले नाहीत."

"गौस, टाळू नको. कुठली जोडी तुझी?"

गौस चाकावरनं अंगठा फिरवतो. एका टिंबावर थांबतो, दुसऱ्यावर थांबतो. "ह्यातली एक पण नाही."

"म्हणजे?"

"मी मारलंच नाही टिंब. तू नव्हतास."

"अरे, पण चाकं काढलीस की."

"काढली. म्हटलं, भूपाल आला की मारू. हात चालत राहिला, चाकं खाली आली, तवा ध्यानात आलं." गौस कपाकडं बघतो. चहाला वाफ नाही. "आणि खरं सांगू? ही परत जोडायची आहे असं मला वाटलंच नव्हतं. गिऱ्हाईक कुठं होतं? तू दवाखान्यातनं येशील, आल्यावर तुला काम दिसावं, म्हणून खोलली."

भूपालला राग येतो, आणि रागाच्या मागोमाग रडू येतं. त्याला रडायची लाज वाटत नाही, इथं बघणारं कोण आहे?

"लेका, तू गेल्यापासनं मी कुणाशी भांडलेलो पण नाही," तो म्हणतो. "सकाळी कुलूप काढतो, संध्याकाळी लावतो. आता ही पण गेली तर कुलूप तरी कशाला काढू?"

गौस टेबलावरचं चाक बोटानं फिरवत राहतो. जिवंतपणी पण सांगण्यासारखं काही नसलं की त्याचे हात असेच चालायचे.

"मग आत्ता मार," भूपाल म्हणतो. "आत्ता आहे मी."

गौस चड्डीच्या खिशातनं पंच काढतो, जवळच्या चाकाच्या एका दाताशी टेकवतो आणि हातोडीचा एकच ठोका देतो. स्टँडवरचा सगळा पत्रा वाजतो.

"हे माझं. तुझं तू मार."

भूपाल पंच घेतो. गार आहे. दुसरं चाक पुढं ओढतो, तर दातच दात, एकसारखे, संपतच नाहीत.

"कुठं मारू?"

"मला काय विचारतोस? तुझं टिंब तू मारायचं."

"मला नाही ठाऊक, गौस."

"मला पण नाही," गौस म्हणतो. त्यानं कप पालथा घातलाय. फलाटावर एक गाडी लागलीय, पाटी नसलेली. भूपाल हातोडी उचलतो आणि कुणीतरी घंटी वाजवत राहतं, वाजवत राहतं.

फोन वाजतोय. भूपाल फळीवर घामानं भिजलाय आणि पत्रा तसाच कटकटतोय. तो फोन घेत नाही. आधी गोणपाटावर जाऊन बसतो आणि जवळच्या चाकावर हात फिरवतो.

एका दाताशी टिंब आहे. जुनी टिंबं तेलानं बुजून काळी झालीत. हे पांढरं, चकचकीत, कड अजून अंगठ्याला बोचतेय.

भूपाल दुसरं चाक ओढतो. दातामागून दात, चष्मा लावून, मग बोटानं, मग परत चष्मा लावून. तिथं काही नाही. एका टिंबानं काय होतं? शेंबड्या पोरालाही कळेल, काही होत नाही.

फोन पुन्हा वाजतो. हिरेमठ.

"चौगुले, निघू का मी?"

"नका येऊ, साहेब."

"का हो? चालली नाही का?"

"नाही. आता नाही चालायची."

हिरेमठ वाईट वाटल्याचं बोलतात, चांगला माणूस आहे. फोन ठेवल्यावर भूपाल गौसच्या हत्यारांच्या खणातनं पंच आणि हातोडी काढतो. दुसऱ्या चाकाचा हाताला येईल तो दात धरतो, पंच टेकवतो आणि ठोका देतो. नीट बसलं टिंब. मग दोन्ही चाकं गोणपाटावर सरकवत टिंबाला टिंब लावतो. दात दातात बसतो. कुठलाही बसला असता.

तो भंगारवाल्याला फोन लावतो.

"या," म्हणतो. "सगळं कापा. फक्त खाली दोन चाकं आहेत, ती जोडलेलीच उचला. सुटी करू नका."