माळवदावरची पांढरी माती

इतकी वर्षं झाली, तरी वैरागजवळच्या शिवारातलं ते उघडं थडगं माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. सत्तरच्या दशकात मी त्या भागात फौजदार होतो. एका शेतकऱ्याच्या रानातल्या टेकाडाखाली दगडी बांधकाम लागलं आणि पुरातत्त्व खात्याने खोदाई मांडली. आत सांगाडा, गळ्यात सोन्याच्या मण्यांची माळ. थडगं राजघराण्यातल्या माणसाचं, इतकं नक्की. कोणाचं, ते सांगता येत नव्हतं. खोदाईचे साहेब चहा पाजून मला सांगत, की मिसर देशातही अशी राजांची थडगी आहेत, सगळा थाट आहे आणि नावाचा पत्ता नाही. मी म्हणायचो, आमच्याकडच्या बेवारस प्रेतांचंही असंच, फक्त थाट नसतो.

रानाचा मालक रोज खड्ड्याच्या कडेला उकिडवा बसलेला असे. मी दिसलो की एकच विचारी, "सायेब, माजं रान मला माघारी मिळंल न्हवं?" मी हो म्हणून पुढे जायचो.

एके दिवशी सांगाड्याच्या उशाशी एक मडकं निघालं. त्याच्या गळ्याखाली ठसा होता. यावरून थडग्याचा धनी कळेल, असं साहेबांनी सगळ्यांदेखत सांगितलं. दुसऱ्या सकाळी मडकं गायब. मी फिर्याद नोंदवून घेतली, पंचनामा केला. सांगाड्याच्या गळ्यातली माळ जागच्या जागी होती. माळ सोडून मडकं नेणारा चोर मी तोवर पाहिला नव्हता.

दुपारी एसटी स्टँडवरच्या हॉटेलवाल्याने खबर दिली, की खोदाईचा रखवालदार गाठोडं घेऊन पहिल्या गाडीने सोलापूरला गेला. त्याला भवानी पेठेत बहिणीच्या घरी गाठलं. गाठोड्यात हुरडा निघाला. तो मान खाली घालून म्हणाला, "हौ साब, नींद लग गई. पन चोरी नै करा मैं." आमच्या जमादारांना त्याचा पाहुणचार करायची घाई झाली होती. मी हात लावू दिला नाही. चोरी करणारा माणूस आपण झोपलो होतो हे इतक्या सहज कबूल करत नाही.

जबाब घ्यायला पुन्हा गावात गेलो आणि टेकाडावर चढलो. तिथून सगळ्या गावाची माळवदं, म्हणजे घरांची मातीची सपाट छपरं, दिसायची. सगळी जुनाट, राखाडी. फक्त एका माळवदाच्या कोपऱ्यात चटईएवढा पांढराशुभ्र तुकडा. आमच्याकडे माळवदावर पांढरी माती टाकतात ती वैशाखात, पाऊस तोंडावर आला की. हे तर हुरड्याचे दिवस, सारं गाव रानात. घर कोणाचं विचारलं, तर रानाच्या मालकाचं.

त्याला चावडीवर बोलावलं. आवाज चढवला नाही. माळवद गळतंय का, एवढंच विचारलं. तो व्हय म्हणाला. पाऊस कुठं पडला, म्हटल्यावर त्याने बाहेर कोरड्या आभाळाकडे पाहिलं आणि खाली बसला.

बसल्या जागेवरूनच म्हणाला, "मडकं बगून त्यांनी राजाचं नाव लावलं असतं. त्येचं नाव लागलं की सातबाऱ्यावरनं माजं उटलं. मग मी कुटं जायचं?"

पंचांसमक्ष माळवदावरची ती माती उकरली. मडकं गोधडीत गुंडाळलेलं, साधा टवकासुद्धा उडालेला नव्हता. साहेबांनी ठसा धुऊन पाहिला. ती निव्वळ कुंभाराची खूण होती, नाव नव्हतंच. रखवालदार कामावर परतला. शेतकऱ्याने कोर्टात गुन्हा कबूल केला आणि समज देऊन त्याला सोडलं. पण राजाचं नाव लागलं नाही तरी रान मात्र सरकारजमा झालं. मोबदला मिळाला, पण त्याची भीती खरी ठरली होती, आणि याचं मला मनापासून वाईट वाटलं.

तपास मी चोख केला, हे आजही छातीठोकपणे सांगतो. त्यानंतर कुठल्याही चोरीत, चोराला काय मिळालं हे विचारण्याआधी, काय जाईल म्हणून तो भ्यायला हे मी विचारू लागलो. दंडुक्यापेक्षा त्या प्रश्नाने जास्त गुन्हे उघडकीला आणले.

निवृत्तीनंतर एकदा मुद्दाम तिकडे गेलो. तारेचं कुंपण, आणि पाटीवर 'अज्ञात राजपुरुषाचे थडगे'. कुंपणालगत एक बाई गवत कापत होती. हे रान कुणाचं, असं मी तिला विचारलं. हातातला विळा न थांबवता तिने नाव सांगितलं. ते मी इथे लिहीत नाही, पण ते त्या शेतकऱ्याचं होतं.