फाटकावरची पाटी

मंडळी, सकाळी लेकीचा बंगळुरूहून फोन आला. "आई, माझी सनद कर्नाटकात बदलून मिळाली! आता इथल्या कोर्टात रीतसर उभी राहीन."

"छान झालं गो बाय," म्हटलं.

लग्न होऊन ती तिकडे गेली, तरी वकिलीची सनद महाराष्ट्राचीच होती. वेड्या मनाला वाटायचं, दोरी रत्नागिरीला बांधलेली आहे, होडी कधीतरी परत लागेल.

दुपारी तिच्या नावाची पाटी काढायला फाटकाशी गेले, तर एक काकी उभ्या. मंडणगडहून एसटीने आलेल्या.

"वकीलबाय हायत काय?"

"नाही हो. तिची वकिली आता परराज्यात गेली. ही पाटीच काढायला आलेय."

काकी पायरीवर टेकल्या. "माजा झील मुंबयला, तुमची लेक तकडं. मंग पाटी कशाला काढताव? तिच्यापायी कोन तरी दारात येतंय."

दोघींनी चहा घेतला. त्यांना दुसऱ्या वकिलाचा पत्ता देऊन रिक्षात बसवलं.

पाटी अजून तिथेच आहे. जी इथे नाही तिची पाटी ठेवून लोकांना हेलपाटा घालायला लावणं बरं नव्हे, हे मलाही कळतं. पण काढली, तर माझं दार कोण वाजवणार? तुम्ही काय केलं असतंत?