घरटे क्रमांक चार

मार्चमधल्या एका मंगळवारी सकाळी, साडेनऊच्या सुमारास, रत्नागिरी तालुक्यातल्या एका आतल्या गावात बेहड्याचे जुने झाड तोडले गेले. त्याच्या खोडात, उंचावर, एक ढोली होती. ढोलीत ककणेराची मादी होती. ककणेर म्हणजे धनेशाच्या कुळातला काळा-पांढरा, मोठ्या चोचीचा पक्षी. अंडी घालायच्या वेळी मादी ढोलीत शिरते आणि तोंड आतून लिंपून घेते. चोच बाहेर येईल एवढी फट राहते. त्या फटीतून नर तिला फळे भरवतो. आत ती पिसे गाळते आणि बरेच दिवस तिला उडता येत नाही. झाड पडले तेव्हा ती त्या अवस्थेत होती.

आमच्या वहीत ते घरटे क्रमांक चार होते.

घरटी शोधून दर आठवड्याला नोंद करणारे आम्ही सात जण होतो. पगारी कोणी नव्हते. नोंदी मोबाइलवरून एका अभ्यास प्रकल्पाला जात. चार नंबरचे घरटे एका गुरुजींकडे होते; ते प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेले. तीन हंगाम ते दर रविवारी स्कूटरने जात, पानांआड बसत आणि नर किती वाजता आला, चोचीत उंबर होते की वडाची फळे, हे लिहीत. अधूनमधून मी सोबत असे.

घरट्याची जागा कोणालाही सांगायची नाही, हा आमचा पहिला नियम. तो माझ्या हस्ताक्षरात आहे. त्याआधी मी वर्तमानपत्रात असताना माझ्या एका बातमीसोबत घरट्याचा फोटो गावाच्या नावासह छापला गेला होता. पुढच्याच रविवारी आरे-वारेच्या किनाऱ्याला निघालेल्या पर्यटकांच्या गाड्या तिकडे वळल्या. त्या ढोलीत पुन्हा जोडी आली नाही. म्हणून नियमात ‘कोणालाही’ हा शब्द आला. त्यात जागेचा मालक धरायचा की नाही, यावर चर्चा झाल्याची नोंद नाही.

चार नंबरची जागा एका सत्तरी ओलांडलेल्या बाईंची होती. मुलगा मुंबईला, त्या गावात एकट्या. आम्ही त्यांना काकी म्हणत असू. झाडाकडे जायची वाट त्यांच्या अंगणातून होती.

“काय मोजताव?” पहिल्या वर्षी त्यांनी विचारले. “रस्ता नाय ना जायाचा आमच्यातून?”

“नाही हो काकी. फुलपाखरं मोजतो,” गुरुजी म्हणाले.

“पोरांना पाडे शिकवून झालं, आता फुलपाखरांना शिकवा!”

तेव्हापासून दर रविवारी परतताना पडवीत पाणी आणि गुळाचा खडा ठरलेला. “मास्तर, आज किती पोरां आली शाळंत?” त्या विचारत. गुरुजी कधी बारा सांगत, कधी वीस. नराच्या फेऱ्या मिनिटासह लिहिणारा माणूस काकींना मनाला येईल तो आकडा देत असे.

त्या वर्षी काकींनी आणि मुलाने रानातली झाडे लाकूड व्यापाऱ्याला दिली. तोडीची परवानगी होती. आधीच्या रविवारी गुरुजी येऊन गेले, तेव्हा झाडांवर तोडीच्या खुणा नव्हत्या.

मंगळवारी फोन काकींनीच केला. “मास्तर, झाडात पाखरू गावलंय. तुमाला कळतं त्यातलं. या बगाय.”

आम्ही सव्वाअकराला पोहोचलो. मादी मेलेली होती. दोन अंडी फुटलेली होती. बेहड्याचे ओंडके ट्रकमध्ये चढत होते. उतार पूर्ण मोकळा झाला होता. कडेला घाणेरीची एक जाळी तेवढी उभी होती. काकींनी तिकडे बोट केले.

“ती जाली ठेवाय सांगितली मी. तुमची फुलपाखरां बसतत तितं.”

गुरुजींनी तेव्हा त्यांना खरे सांगितले. उभ्यानेच सांगितले. काकींनी सगळे ऐकून घेतले.

“तीन वर्सां माज्या पडवीत पानी प्यालाव,” त्या म्हणाल्या. “माजं झाड, नि मलाच ठावं नाय? तेवढं येक झाड नसतं दिलं मी. बोलायचं तरी.”

नियम कोणी लिहिला, हे मी सांगितले नाही.

बारा वाजून दहा मिनिटांनी नर आला. शेजारच्या रानातल्या ऐनाच्या झाडावर बसला. चोचीत उंबराचे फळ होते. तो वीस मिनिटे थांबला आणि फळ घेऊनच उडाला. संध्याकाळी ट्रक हातखंब्याहून घाटाकडे गेला.

गुरुजी त्या गावात पुन्हा गेले नाहीत. बुधवारी अकरा वाजता त्यांना काकींचा फोन आला. त्या सकाळपासून पडवीत बसल्या होत्या. “दोनदा आला. त्याच ऐनावर. तोंडात फल हाय.” गुरुवारी पुन्हा फोन आला. त्यानंतर रोज येत राहिला. त्या सांगत ते गुरुजी वहीत उतरवत. रविवारी नर एकदाच आला, चोच रिकामी होती. सोमवारी तो उशिरा आला आणि लगेच गेला.

घरटे क्रमांक चारची शेवटची नोंद त्यापुढच्या मंगळवारची आहे. वेळ, सकाळी सहा ते अकरा. नराच्या फेऱ्या, शून्य. निरीक्षकाच्या रकान्यात, गुरुजींच्या अक्षरात, काकींचे नाव आहे.