न वाचलेलं नाव

वरच्या खोलीतला आमचा भाडेकरू सिरसाळ्यात बसून शहरातल्या दवाखान्याची कॉम्प्युटरं सांभाळतो, नुसते हुकूम टाइप करून. एका मोठ्या मशीनच्या पोटात बाकीची सगळी मशीनं चालतात म्हणे. एंटर दाबण्याआधी तो मशीनचं नाव मोठ्यानं वाचतो. मीही तरुणपणी अशीच येडी. चूल विझली का, हे बघायला भरल्या बाजारातून परत यायचे.

परवा चहा घेऊन वर गेले, तर “या मावशी” म्हणता म्हणता त्यानं नाव न वाचताच एंटर दाबलं.

“मेलो! पोटातलं एक बंद करायचं, तर मोठंच बंद केलं!”

लगेच साहेबाचा फोन आला, दवाखान्याची सगळी कॉम्प्युटरं बंद पडली म्हणून.

“त्या नव्या पोरीनं केलं असंल, साहेब,” तो म्हणाला. त्याच्या जोडीला हेच काम करायला नुकतीच एक पोरगी लागली होती.

फोन ठेवल्यावर मी विचारलं, “खोटं कावून बोललास रे?”

“नोकरी जाईल, मावशी.”

संध्याकाळी पोरीला काढल्याचं कळलं. तो जेवला नाही. पण त्यानं साहेबाला फोनही केला नाही.