एकोणतीस नंबरचा

माझ्या नातीची लीगमधली जागा माझ्या तोंडामुळे जायची वेळ आली होती. ती गोष्ट सांगते.

आधी लीग म्हणजे काय ते. मला स्वतःला ते कळायला दोन वर्षं लागली. इथे शुगर लँडमध्ये माझ्या मुलाचे दोस्त आहेत, बहुतेक तेलाच्या कंपन्यांतले इंजिनिअर, कुणी पुण्याचा, कुणी नागपूरचा. असे बारा जण मिळून बेसबॉलचा कागदी खेळ खेळतात. प्रत्येकानं खऱ्या खेळाडूंची नावं निवडून आपली टीम मांडायची. ते खेळाडू तिकडे मैदानात जे करतील त्याचे गुण इकडे यांना. स्वतः कुणी बॅट उचलत नाही. निम्म्यांना जिना चढला तरी धाप लागते.

या बारांत अकरा पुरुष आणि बारावी माझी नात. तिनं डॉक्टर व्हायचं हे तिच्या बापानं ती पाळण्यात असताना ठरवलं होतं. ती कॉलेज संपवून अँब्युलन्सवर कामाला लागली. बापानं सहा महिने तोंड फिरवलं. पुढे लीगमधले एक काका डॅलसला गेले, जागा रिकामी झाली, ती हिनं मागितली. तेव्हापासून बापलेक बोलतात ते एवढंच: कोणता खेळाडू दुखावला, कुणाला घेतलं, कुणाला सोडलं. दुसरा विषय निघाला की दोघांतलं एक जण उठून जातं. म्हणून ती जागा मला नुसता खेळ वाटत नव्हती. ती गेली असती तर त्या दोघांना बोलायला काही उरलं नसतं.

आणि ती जायला आली होती. लीगचा नियम असा, की लागोपाठ दोन वर्षं जो शेवटी येईल त्यानं उठायचं. नियम माझ्या मुलानंच केलेला, ती यायच्या आधी. गेल्या वर्षी ती बारावी आली. यंदा मे महिन्यातही बारावीच होती. केटीला राहणाऱ्या एका काकांचा मुलगा जागेची वाट बघत होता. ते काका आमच्याकडे जेवायला आले की हिला म्हणायचे, "काय मॅडम, खुर्ची गरम ठेवताय ना आमच्या चिरंजीवांसाठी?"

"काका, तुम्ही तुमची खुर्ची सांभाळा. यू आर टेन्थ."

आता यात माझा संबंध काय ते. मी चौथी शिकलेली. आमच्या तालुक्याच्या गावी शाळेत शिपाई म्हणून पंचवीस वर्षं काढली. मैदानावर पाण्याची कळशी घेऊन उभं राहायचं कामही माझ्याकडे होतं. खो-खोचे सर टीम निवडायच्या आधी मला विचारायचे, "मावशी, कुणाला घेऊ?" पळायला काय, सगळीच पोरं पळतात. मी बघायचे ते चुकल्यावर पोर काय करतं. जे हातपाय झाडतं, दुसऱ्याकडे बोट दाखवतं, ते तसंच राहतं. जे गप बसून पुढच्याचं बघतं, ते तीच चूक परत करत नाही.

आमच्या घरापासून दहा मिनिटांवर स्टेडियम आहे. तिथे मोठ्या टीमच्या खालची टीम खेळते, अजून वर न गेलेली मुलं. सुट्टी असली की नात मला न्यायची. ती फोनमधले आकडे बघायची, मी माणूस बघायचे. इंग्रजी नावं मला वाचता येत नाहीत, पाठीवरचे आकडे येतात. त्यामुळे माझ्यासाठी सगळे नुसते नंबर. गेल्या उन्हाळ्यात एकाला बघून मी म्हटलं, हा वर जाईल. तिनं आकडे बघून नाक मुरडलं. तीन आठवड्यांत तो वर गेला आणि भलत्याच काकांच्या पदरात पडला. तेव्हापासून ती माझं ऐकायला लागली.

लीगमध्ये मे महिन्यातल्या एका रविवारी प्रत्येकानं एक नवखा घ्यायचा असतो, म्हणजे अजून वर न गेलेला. तो नंतर वर गेला की त्याचे गुण दुप्पट. यादी दुपारी तीनला उघडते, सहाला बंद होते. आधी लिहील त्याचा खेळाडू. सहापर्यंत आपला बदलता येतो, पण दुसऱ्यानं घेतलेला मिळत नाही. तळातून वर यायला हिच्याकडे एवढा एकच रस्ता होता, आणि नेमकी त्या रविवारी तिला ड्यूटी लागली. देवळातल्या म्हाताऱ्यांची व्हॅन त्या दिवशी मॅचला जाणार होती. नात म्हणाली, "आजी, तू जा. यू आर माय आइज. तीनला पाच कमी असताना मी फोन करते."

मी गेले. ऊन असं की बाकडं हाताला चटका देत होतं. मी छत्री उघडली, मागच्या बाईनं मिटायला लावली.

पहिल्या तासातच मला तो दिसला. पाठीवर एकोणतीस. लांब मानेचा, हडकुळा मुलगा. पहिल्या वेळी तीन चेंडूंत हुकला आणि बाद झाला. लोक हसले. त्यानं बॅट आपटली नाही. बाकावर जाऊन बसला आणि चेंडू टाकणाऱ्याच्या हाताकडे बघत राहिला. दुसऱ्या वेळी सात चेंडू खेळून बाद. तिसऱ्या वेळी अकरा. मी बोटांवर मोजत होते. तिन्ही वेळा बादच, पण त्या अकराव्या चेंडूपर्यंत टाकणारा घामाघूम झाला होता. हे त्या फोनमधल्या आकड्यांत कुठे येणार? तिथे तीनदा बाद एवढंच दिसणार. म्हणजे काकांपैकी कुणी त्याला हात लावणार नव्हतं.

तीनला पाच कमी असताना फोन वाजला. तेवढ्यात कुणीतरी चेंडू लांब मारला आणि सगळं स्टेडियम उठून ओरडायला लागलं.

"आजी, क्विक! नंबर सांग!"

"एकोणतीस!"

"काय? एकतीस?"

"हो, हो! एकोणतीस! लांब मानेचा!"

"ओके, गॉट इट!" फोन बंद.

चार वाजता व्हॅननं मला घरी सोडलं. सून हॉस्पिटलच्या फार्मसीत असते, ती कामावर होती. मुलगा एकटाच जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून बसला होता. मला बघून म्हणाला, "तुझ्या नातीनं सगळ्यात आधी लिहिलं बघ. एकतीस नंबर. पिचर, चेंडू टाकणारा! खांद्याचं ऑपरेशन झालंय त्याचं. या वर्षी तो वर जात नाही. संपलं तिचं."

अरे, एकतीस कुठला, असं माझ्या ओठांवर आलं. आलं ते मी गिळलं. समोर बसलेला माझा मुलगा असला तरी लीगमध्ये तो तिच्या विरुद्धच होता. आणि त्यानं आपला नवखा अजून लिहिला नव्हता. दोघांपैकी कुणाला घ्यावं यावर त्याचा घोळ चालला होता.

मी बाथरूममध्ये गेले, कडी लावली. माझ्या फोनमध्ये नावांऐवजी फोटो लावून दिलेत. नातीच्या फोटोवर बोट ठेवलं. वाजून वाजून थांबला आणि एक बाई इंग्रजीत बोलायला लागली. परत लावला, परत ती बाई. पेशंट गाडीत असला की नात फोन घेत नाही, हे मला माहीत होतं. फोनवर निरोप लिहिता येत असता तर लिहिला असता.

बाहेर आले तर साडेचार. मी भाजी निवडायला त्याच्यासमोरच बसले. आत जाऊन बसले असते तर त्याला संशय आला असता.

"आई, तू होतीस ना आज मॅचला? कोण बरा वाटला?"

माझा मुलगा बावन्न वर्षांचा आहे. माझ्या बघण्याला तो 'आईचा खो-खो' म्हणतो आणि दोस्तांत हसतो. त्यानं असं विचारायची ही पहिली वेळ.

"मला काय कळतंय."

"मला काय कळतंय, असं तू आयुष्यात कधी म्हणाली नाहीस." त्यानं लॅपटॉप बाजूला सारला. "कोण ते सांग."

"सांगणार नाही."

"का? तिनं तर तुझाच घेतला असेल. मग लपवायचं काय?" आणि तो थांबला. लॅपटॉपमध्ये काहीतरी बघितलं. "एकतीस आज खेळलाच नाही. बाकावर होता. तू त्याला बघशील कशी?"

मी देठ मोडत राहिले.

"आई, तू तिला नंबर मराठीत सांगितलास?"

"मग काय गुजरातीत सांगू?"

तो मोठ्यानं हसला. "अगं, तिला ते एकोण कळतच नाही! रविवारच्या मराठी शाळेत ती अठ्ठावीसपर्यंत म्हणायची आणि बाईंशी भांडायची. तीस अजून आलेच नाहीत तर आत्ताच त्यांचं नाव कशाला घेता? पुढे शाळाच सोडली." हसता हसता तो गप झाला. माझ्याकडे बघून हळूच म्हणाला, "एकोणतीस."

मी दुसरी जुडी पुढे ओढली. पण तोंडावर पदर घ्यायची सवय मला कधीच नव्हती, आणि त्याला माझं तोंड वाचता येतं.

त्यानं लॅपटॉप पुढे ओढला.

"हात काढ," मी म्हटलं. "तिची जागा जाईल."

"जाईल तर जाईल. मी आज सोडला तर उद्या सगळे म्हणतील, बापानं पोरीला ताट वाढून दिलं. तिला ते सहन होणार नाही."

"तुला होणार नाही म्हण."

मग त्यानं बटण दाबलं. एकोणतीस नंबर त्याचा झाला. मी उठले. पाचला त्याचा चहा असतो. त्या दिवशी मी तो केला नाही.

पाच वीसला नातीचा फोन आला. मी त्याच्यासमोरच उचलला. आता लपवण्यासारखं काही नव्हतं. "तू चुकीचा घेतलास. मी वीस आणि नऊ म्हणाले होते. आता तो तुझ्या बापानं घेतलाय, आणि त्याला तो माझ्यामुळे कळला."

तिकडे गाडीचं इंजिन ऐकू येत होतं. ती म्हणाली, "स्पीकरवर टाक."

मुलगा म्हणाला, "हॅलो."

"बाबा, तुम्ही घेतलात?"

"घेतला."

"गुड. सोडला असता ना, तर मीच लीग सोडली असती. आता बाहेर जा. मला आजीशी बोलायचंय."

तो खरंच गेला. मागच्या अंगणात, त्या उन्हात, काचेच्या दाराकडे पाठ करून उभा राहिला.

"आजी, दुसरा कोण? फास्ट."

दुसरा एक होता, पण त्याच्याबद्दल माझी खात्री नव्हती. "एक बुटका आहे. बॅट येत नाही त्याला."

"मग कशाला सांगतेस?"

"प्रत्येक चेंडूच्या आधी तो दोन पावलं सरकतो. चेंडू पडायच्या आत तिथे असतो. आणि पळतो असा की कुणाच्या ध्यानात येईपर्यंत पुढच्या खांबाला पोचलेला. वर कुणी दुखावला तर अडवायला आणि पळायला माणूस लागतोच की. तेव्हा असल्यालाच बोलावतात."

"नंबर. इंग्लिशमध्ये."

"टू. टू."

"ट्वेंटी-टू. शुअर?"

"शुअर कशी असेन? मी बघून सांगते. ज्योतिष सांगत नाही."

तिच्या गाडीतला वायरलेस खरखरला, कुणीतरी पत्ता सांगायला लागलं, सायरन सुरू झाला आणि फोन तुटला. तिला लिहायला वेळ मिळाला की नाही ते कळलं नाही. मुलगा आत आला. शर्ट भिजला होता. दोघं लॅपटॉपसमोर बसलो. पावणेसहा. तिच्या नावापुढे एकतीसच. सहाला दहा कमी, एकतीसच. त्यानं पाणी प्यायलं, मला दिलं. सहाला तीन कमी असताना एकतीस गेला आणि बावीस आला. मुलानं श्वास सोडला. मी ऐकला, तर त्यानं त्याचा खोकला केला.

एकोणतीस नंबरचा जूनमध्ये वर गेला. तीन आठवडे सपाटून हुकला आणि परत खाली आला. मुलगा रोज जेवताना म्हणायचा, "आई, तुझा हिरो!" मी सांगितलं, "शिकतोय, एवढंच मी बघितलं होतं. शिकला असं नाही. तो पुढच्या वर्षी खेळेल. घाई तू केलीस."

बुटक्याला ऑगस्टमध्ये बोलावलं, वरचा एक जण दुखावला म्हणून. बॅट त्याला तिथेही आली नाही, पण तो पळाला. पळण्याचे गुण असतात आणि ते दुप्पट होत गेले. सप्टेंबरात दर सोमवारी नात आणि केटीचे काका यांच्यात चार-दोन गुणांचा फरक, कधी ही वर, कधी ते. त्या महिन्यात माझं जेवण कमी झालं. वयानं झालं असं सून म्हणाली.

शेवटच्या रविवारी नात ड्यूटीवरून थेट आली, युनिफॉर्ममध्येच. मुलानं यादी वाचली. केटीचे काका बारावे. ती अकरावी. जागा राहिली.

"अकरावी म्हणजे काही नंबर नव्हे," मुलगा म्हणाला.

"तुम्ही नववे. तुम्हाला काय हार घालू?"

मी भात वाढला. ती दोन्ही कोपरं टेबलावर टेकून जेवत होती, डोळे मिटत होते. मुलगा बराच वेळ तिच्या बाहीवरच्या डागाकडे बघत होता. मग त्यानं विचारलं, "आज किती कॉल आले तुला?"

तिनं मान वर केली. "नऊ. एक डिलिव्हरी. गाडीतच झाली."

"मग?" खुर्ची तिच्याकडे ओढत तो म्हणाला.